लिहून घ्या, भाऊसाहेब

नोकरी सगळी तहसील कचेरीत गेली, त्यातली बरीच वर्षं दाखल्यांच्या टेबलावर, आणि अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. कवितेचा नाद पहिल्यापासून पण तो वाचण्यापुरता, अनुवाद बिनुवाद हे आपलं काम नव्हे असंच समजत आलो. तरीपण महमूद दरवीश या पॅलेस्टिनी कवीची 'ओळखपत्र' ही कविता मराठीत आणायच्या भानगडीत पडलो, आणि ती कशी आणली, त्यात कुणाकुणाचे हात लागले, शेवटी ती कुठं वाचली गेली हे एकदा लिहून काढा असं कट्ट्यावरचे लोक सारखे म्हणतायत म्हणून लिहितोय. लांबलंय जरा. सवडीनं वाचा.

सुरुवात खरं तर दरवीशपासून झालीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गाझात हवाई हल्ल्यात रिफात अलअरीर मारले गेले, सोबत त्यांचा भाऊ, बहीण आणि भाचे-पुतणे. गाझाच्या इस्लामिक युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य शिकवायचे. 'मला मरावंच लागलं तर' अशी त्यांची एक कविता, २०११ सालची, मूळ इंग्रजीतच लिहिलेली, ती त्यांनी मरायच्या महिनाभर आधी आपल्या अकाउंटवर सगळ्यात वर लावून ठेवली होती. ते गेले आणि कविता जगभर पसरली, लोक आपापल्या भाषेत करून टाकायला लागले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण दोनतीन मराठी भाषांतरं फिरत आली. वाईट नव्हती, मनापासून केलेली होती, पण का कुणास ठाऊक सगळ्यांत एक भावगीताचा ओलावा होता, खाली हात जोडलेले इमोजी, आणि दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो. मला राग आला असं नाही, ग्रुप म्हटलं की हे चालायचंच. पण लांबच्या माणसासाठी हळहळायला आपल्याला पदरचं काही लागत नाही हे मनात राहिलं. आणि मग वाटलं की अशी एखादी कविता घ्यावी की जिच्यात रडायला जागाच नाही.

दरवीशची ती कविता मी कधीकाळी इंग्रजीत वाचलेली होती. आता परत काढली आणि पहिल्याच ओळीला थांबलो, कारण ही कविता एका कारकुनाला उद्देशून आहे. म्हणजे मला. इतकी वर्षं ही गोष्ट कशी काय सटकली देव जाणे. कवितेत एक माणूस सरकारी खिडकीपुढं उभा आहे आणि आतल्या माणसाला सांगतोय, लिहून घ्या, मी अरब आहे, कार्डाचा नंबर पन्नास हजार, मुलं आठ, नववं उन्हाळा संपल्यावर येतंय. आणि मग विचारतो, राग आला का? आतला माणूस कवितेत एक अक्षर बोलत नाही. पण तो काय विचारतोय हे मला प्रत्येक ओळीआधी ऐकू येत होतं. नाव. मुलं किती. धंदा काय. राहणार कुठं. ओळखीची खूण. हा तर सरळ सरळ आमचा फॉर्म आहे, रकान्यामागून रकाना.

मागची हकीकत थोडी सांगतो नाहीतर कविता नुसती घोषणा वाटते. दरवीशचा जन्म १९४१ चा, गॅलिलीतल्या अल-बिरवा गावचा. १९४८ च्या युद्धात गाव गेलं, नंतर जमीनदोस्त केलं, घरचे लेबननला पळाले, आणि पुढं चोरून परत आले तेव्हा इस्रायलची मोजणी होऊन गेलेली. म्हणजे माणूस जिवंत, देशात हजर, पण यादीत नाही. त्यांच्या कायद्यात अशा लोकांना 'हजर असलेले गैरहजर' असं म्हणायचे. बाहेरच्या वाचकाला हे काव्यात्म वाटत असेल, कचेरीत काम केलेल्याला नाही वाटत, आमच्याकडं मयत दाखवलेला माणूस स्वतःच्या पायानं चालत येऊन हयातीचा दाखला मागायचा. आणि तिथल्या अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता, गावाबाहेर पडायचं तरी परवाना. अशा काळात दरवीश एकदा सरकारी कचेरीत गेला, राष्ट्रीयत्व काय विचारल्यावर अरब म्हणाला, समोरच्याला ते रुचलं नाही, तर यानं त्याला ठणकावून सांगितलं, लिही, मी अरब आहे. आणि हे त्यानं सांगितलं हिब्रूत. कारकुनाच्या भाषेत. नंतर ती ओळ अरबीत आणून त्याची कविता झाली, १९६४ च्या संग्रहात आली, आणि नाझरेथच्या एका थिएटरात वाचली तेव्हा लोकांनी नुसतं डोक्यावर घेतलं.

मला अरबी येत नाही. इंग्रजीत चारपाच भाषांतरं मिळाली आणि ती एकमेकांशी अशी फटकून वागत होती की एकाच कवितेची आहेत का अशी शंका यावी. एकात तो माणूस विनवणी करतोय असं वाटायचं, दुसऱ्यात थेट भाषण ठोकतोय. म्हणून आमच्या भागातले मौलाना, लहान मुलांना अरबी शिकवतात, त्यांना सगळे चाचाच म्हणतात, त्यांच्याकडं गेलो. म्हटलं चाचा, मला अर्थ नंतर सांगा, आधी ऐकवा. मोबाईलवर मूळ मजकूर मोठा करून दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्यांदा मनातल्या मनात वाचलं, आणि मग म्हणाले, भाऊसाहेब, ये तो किताबी अरबी है, पर बोलने जैसी है. आणि वाचायला लागले. सज्जिल! अना अरबी. एकेक तुकडा तोडून. छोटी ओळ, मग एक लांब ओळ श्वास पुरेल न पुरेल अशी, परत छोटी. विनवणी तर नव्हतीच, भाषणही नव्हतं. रांगेत तासभर उभा राहून पाय दुखलेला माणूस जसं बोलतो ना, आवाज न चढवता, पण शब्द न गिळता, तसं होतं. ते मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि पुढचे कितीतरी दिवस सकाळी फिरताना कानात तेच. बायको म्हणाली, नमाज शिकताय का काय.

पहिला खर्डा केला तो बरा वाटला म्हणून दोन दिवस ठेवून दिला आणि परत वाचला तर तो सगळा टिपणीच्या भाषेत उतरलेला. 'नोंद घेण्यात यावी' छाप. चाळीस वर्षांची सवय कुठं जाणार. तोंडानं मोठ्यानं म्हणून बघायचं आणि जिथं जीभ अडखळते तिथं खोडायचं, एवढं एकच तंत्र मला जमलं, त्यानं बरंच काम झालं. पण कवितेत तो माणूस दगडाच्या खाणीत काम करतो, मुलांची भाकरी, कपडे, वह्या तो खडकातून काढतो, आणि त्याच्या तळहाताचं वर्णन आहे, दगडासारखा टणक, जो हात लावेल त्याला ओरखडणारा. ते मला काही केल्या खरं वाटेना. माझ्या हातात आयुष्यभर पेन आणि शिक्का.

तेव्हा तो पोरगा आठवला. वडार समाजाचा, आता एमए करतोय, कट्ट्यावर कधीमधी येतो. त्याचा जातीचा दाखला एकेकाळी माझ्याच टेबलावरून गेलेला. विमुक्त जातीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, त्या तारखेला मानीव दिनांक म्हणतात, म्हणजे त्याआधी तुमचे वाडवडील महाराष्ट्रात राहात होते आणि त्याच जातीचे होते हे कागदावर दाखवा. आता दगड फोडत गावोगाव फिरणाऱ्या माणसाचा एकसष्टच्या आधीचा कागद कुठला असणार. आज्जा शाळेत गेलेला नाही, सातबारा नाही, घर नाही. त्याचा अर्ज त्रुटीत परत, परत त्रुटीत, शेवटी कुठल्यातरी गावच्या जुन्या कोतवाल बुकात आज्याच्या भावाच्या जन्माची नोंद निघाली, जातीच्या उल्लेखासकट, आणि काम झालं. नियम तसा होता, आजही आहे. माझ्या हातात त्या नियमाचं पुस्तक होतं एवढंच.

त्याला कविता दाखवली तर उभ्या उभ्या वाचून म्हणाला, काका, ह्याला आठ पोरं, आमच्या आज्याला नऊ होती. आणि वडलांना भेटायला घेऊन गेला. वडील खाणीतून आता सुटलेत, गुडघे गेलेत. त्यांना मी ती तळहाताची ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, दगडागत हात? ज्यानं कधी फोडला नाही त्यानं लिवलं असंल. मग हात पुढं करून दाखवला. टणक नव्हता तो. कातडी जाड होऊन भेगाळलेली, एक बोट घणाखाली सापडून चपटं झालेलं, आणि भेगांत बारीक काळी खर कायमची बसलेली, ती म्हणे साबणानं जात नाही. पहार, छिन्नी, सुतकी सगळं दाखवलं, सुतकीचा दांडा कुठल्या लाकडाचा बरा हे पण सांगितलं. दरवीश स्वतः खाणकामगार नव्हता, त्यामुळं म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी मूळ ओळ बदलली नाही, म्हटलं त्यानं लिहिलंय तसंच राहू दे. मात्र त्याच्या आधीची खाणीची ओळ आहे तिथं या घरातले शब्द घातले. चाचांना विचारलं हे चालेल का, ते म्हणाले अरबीत साधं 'खाण' आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आता एक गंमत. खर्डा ग्रुपवर टाकल्यावर एकजण उत्साहात म्हणाला, साहेब, हेच आपण 'लिहून घ्या, मी मराठी आहे' असं केलं तर? मुंबईत काय धमाल उडेल, रील करू. दहाबारा अंगठे पण पडले त्याला. मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. कारण बैरुतमध्ये दरवीशचं हेच झालं होतं. सत्तरच्या दशकात तो तिथं राहायला गेला, कार्यक्रमात लोक ओरडून हीच कविता मागायचे आणि तो वाचायला नकार द्यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं, इस्रायली अधिकाऱ्यासमोर मी अरब आहे म्हणण्यात धाडस आहे, अरबांनी भरलेल्या सभागृहात अरबांपुढं तेच ओरडण्यात काय आहे? ओळ तीच, अक्षर अक्षर तीच, पण खिडकीची बाजू बदलली की ती फुशारकी होते.

महाराष्ट्रात खिडकीच्या आत कोण बसलंय? मराठी. फॉर्म मराठीत, टिपणी मराठीत, 'उद्या या' मराठीत. म्हणजे या कवितेत मराठी ही कारकुनाची भाषा आहे, हे मला त्या रीलवाल्यामुळं लख्ख कळलं, त्याचे आभारच मानायला पाहिजेत. मग मी ही कविता मराठीत करतोय म्हणजे नक्की काय करतोय? तर दरवीशनं ज्या दिवशी ते वाक्य हिब्रूत उच्चारलं त्या दिवसाकडं तिला परत नेतोय, जिथं बाहेरचा माणूस आतल्याला आतल्याच्याच भाषेत सुनावतो. एवढं ठरल्यावर बाकीच्या ओळी भराभर पडल्या. बोलणारा माणूस घरी दुसरंच काही बोलतो, आमच्या पोराच्या घरी वडारी, तेलुगूच्या जवळची, आणि खिडकीपाशी मराठी, जरा जपून, जरा जास्तच स्पष्ट. मराठी तशी ठेवली. 'मी मराठी'वाल्याला मी लिहिलं, मुंबईत दुसऱ्या भाषेच्या खिडकीवर मराठी माणसाला असं म्हणायची वेळ येत असेल तर जरूर म्हणावं, पण सोलापुरात बसून नको. तो ग्रुप सोडून गेला, महिन्याभरानं परत आला.

मग शेवटच्या कडव्यावरून वाद. तिथं तो माणूस म्हणतो, मला माणसांचा द्वेष नाही, मी कुणाचं हिसकावत नाही, पण उपाशी ठेवलंत तर हिसकावणाऱ्याचं मांस खाईन, माझ्या भुकेपासून आणि संतापापासून जपून. कट्ट्यावरचे दोन सिनियर म्हणाले, हे गाळा, बाकी कविता किती छान आहे, उगीच केसबीस लागायची. त्यांची भीती खोटी नाही हो. ह्याच कडव्यावरून इस्रायलमध्ये २०१६ साली, म्हणजे कविता येऊन पन्नास वर्षं उलटल्यावर सुद्धा, दोनदा गोंधळ झाला. जुलैत लष्कराच्या रेडिओवर कवितेवर कार्यक्रम झाला तर संरक्षणमंत्री लिबरमननी तिची तुलना हिटलरच्या पुस्तकाशी केली, आणि सप्टेंबरात सिनेमाच्या पुरस्कार सोहळ्यात तामेर नफार आणि एका ज्यू कवीनं मिळून ती सादर केली तर सांस्कृतिक मंत्री मिरी रेगेव्ह उठून बाहेर गेल्या. माझ्या मते ती जोडी हेच मोठं काम होतं, अरब रॅपर आणि ज्यू कवी एका स्टेजवर, ती कविता दोघांची करून.

आणि भाषांतर हे नेहमी दोस्तीसाठीच होतं असंही नाही. दारीन तातूर म्हणून एक पॅलेस्टिनी कवयित्री, नाझरेथच्या जवळची, तिला २०१५ मध्ये एका कवितेवरून अटक झाली. अरबी कविता, खटला हिब्रूत, आणि कोर्टापुढं जे हिब्रू भाषांतर आलं ते एका पोलिसवाल्यानं केलेलं. त्या भाषांतरावर बचाव पक्षानं रान उठवलं, दुसरा भाषांतरकार उभा केला, तरी २०१८ मध्ये पाच महिन्यांची शिक्षा झाली, आणि कवितेपुरती ती २०१९ मध्ये वरच्या कोर्टात उडाली. तोपर्यंत तुरुंग आणि नजरकैदेत तिची वर्षं गेलेली. हे मी सिनियरांना सांगितलं तर ते म्हणाले, बघा, आम्ही हेच म्हणतोय. मी म्हटलं, मी उलटं म्हणतोय, पोलीस जर कवितेतली नेमकी तेवढीच ओळ उचलणार असेल तर आपण ती गाळून त्याचं काम हलकं का करायचं. कडवं ठेवलं. त्यात 'मला माणसांचा द्वेष नाही' हे आधी येतं, ते लोक विसरतात, म्हणून ती ओळ मी सुटी, एकटी ठेवली, मुळात पण तो ती पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहायला सांगतो.

वाचनाचा कार्यक्रम ठरला. एका संस्थेचा हॉल पैसे भरून बुक केला होता, दोन दिवस आधी फोन, देखभालीचं काम निघालंय. देखभाल कसली ते सगळ्यांना कळलं. तेवढ्यात कट्ट्यावर जुना प्रश्न परत आला, की आपल्याकडं काय दुखणी कमी आहेत का, पॅलेस्टाईनचं कशाला ओढून आणायचं. त्यावर आमच्यातल्या एक रिटायर बाई, हायस्कूलला इतिहास शिकवायच्या, त्या उसळल्याच. म्हणाल्या, सोलापूरकरानं हे विचारावं? १९३८ साली द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले तेव्हा इथं दवाखाने भरून वाहात होते का? चार वर्षांत तिकडंच बत्तिसाव्या वर्षी गेला तो पोरगा. आणि अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला, डफावर म्हणून दाखवला, गिरणगावातल्या लोकांनी तो ऐकला, तेव्हा कुणी म्हणालं का की स्टालिनग्राड कुठं आणि लालबाग कुठं? सगळे गप्प.

पण मला जास्त लागलं ते पोराचं बोलणं. तो म्हणाला, काका, ते सगळं ठीक, पण पॅलेस्टाईनच्या माणसाला आमच्या वडार गल्लीचं काय माहीत? आपण त्यांच्यासाठी वाचायचं, आमच्यासाठी तिकडं कोण वाचतंय? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही. खरंच आहे, दरवीशला वडार गल्ली माहीत नव्हती, तो २००८ मध्ये गेलासुद्धा. मी एवढंच म्हणालो की त्याला तू माहीत नव्हतास, पण मी माहीत होतो. म्हणजे कारकून. तो त्यानं नीट बघून ठेवलाय. पोरगा हसला आणि म्हणाला, मग कारकुनाला बोलू दे की. कवितेत तो गप्प बसलाय, आमचा कधी गप्प बसत नाही.

तिथून ती दोन आवाजांची झाली. म्हणजे कविता जशीच्या तशी, एक शब्द वाढवला नाही, पण कडव्यांच्या मधे कारकुनाचे प्रश्न, आणि ते मी विचारायचे, टेबलामागं बसून. पोरगा उभा. आम्ही चाचांना विचारलं हे कवितेवर अन्याय होईल का. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, आप सवाल को शायरी मत बनाना, बस. तेवढं पथ्य पाळलं. सेटलमेंटच्या बाजूला वस्तीतलं समाजमंदिर मिळालं. बाहेरच्यांना सांगायचं तर सोलापुरात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात लोक ठेवले होते, रोज हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. तो १८७१ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, अजून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात, आणि त्या भागाचं नाव आजही सेटलमेंटच.

सतरंजीवर बायका-पोरं, मागं पुरुष उभे, माईक खरखरणारा. मी टेबलामागं बसून म्हटलं, नाव. तेवढ्यावरच हशा पिकला, कारण अर्ध्या लोकांनी मला खऱ्या खिडकीत बसलेलं बघितलेलं. पोरानं पहिलं कडवं म्हटलं. मी विचारलं, धंदा. त्यानं खाणीचं कडवं म्हटलं, तिथं त्याचे वडील खुर्चीत पुढं सरकून बसले. मग मी विचारलं, एकसष्टच्या आधीचा पुरावा? इथं पोरानं आज्याचं कडवं म्हणायचं होतं, शेतकरी, ना वंश मोठा ना घराणं, पण त्याच्या आतच मागून एक म्हातारी ओरडली, साळंत घातलंच न्हाई ओ त्येला, कुठनं आणायचा! अख्खं समाजमंदिर हसलं, पोरगा हसला, मला पण हसू आवरेना. आणि हशा ओसरायच्या आत त्यानं पुढचं म्हटलं, राग आला का? असं, हसत हसत, माझ्याकडं बघून. तालमीत त्यानं ते कधी तसं म्हटलं नव्हतं. मला पुढचा प्रश्न पाठ होता तरी कागदात बघावा लागला.

शेवटचं कडवं त्यानं अजिबात न ओरडता म्हटलं. सिनियर दोघंही आले होते, पुढच्या ओळीत बसले होते. नंतर चहा झाला. पोलीस बिलीस कुणी आलं नाही, तशी कुणाला खबरच नव्हती म्हणा.

त्यानंतर पोरगा ती वडारीत करायला बसलाय. तिथं त्याची वेगळीच पंचाईत झाली, वडारी घरात बोलायची भाषा, कारकुनाशी ती आजपर्यंत कुणी बोललेलंच नाही, मग कुणाला उद्देशून लिहायची? तो म्हणतो बहुतेक आज्जीला. बघू.

आणि मी दुसऱ्या कवितेच्या मागं आहे. आसाममधले हाफिज अहमद, त्यांनी २०१६ मध्ये दरवीशच्याच वळणावर कविता लिहिली, लिहून घ्या, मी मियाँ आहे, आणि लगेच खाली एनआरसीतला, म्हणजे नागरिकांच्या सरकारी यादीतला, आपला अनुक्रमांक. मियाँ ही तिकडं बंगाली मुळाच्या मुसलमानांना द्यायची शिवी, ती यांनी उचलून नाव म्हणून लावली, आणि पाठोपाठ कितीतरी पोरापोरींनी तशा कविता लिहिल्या, काही तिथल्या बोलीतच. त्यावरून जुलै २०१९ मध्ये गुवाहाटीत दहा जणांवर गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात, ३१ ऑगस्टला, यादी लागली आणि १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. आमच्याकडं २१ नोव्हेंबर १९६१, तिकडं २४ मार्च १९७१, तारखेच्या आधीचा कागद दाखवा, नसेल तर पुढचा. फरक एवढाच की आमच्याकडं कागद नसला तर सवलत जाते, तिकडं देश जातो. दाखल्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती कविता वाचून जे होतं ते मी इथं लिहीत बसत नाही.

या कवितांची इंग्रजी भाषांतरं शालिम एम. हुसेन यांनी केलेली मिळाली, उत्तम आहेत. पण दरवीशच्या वेळचा अनुभव असा की कानावर मूळ पडल्याशिवाय माझं काही हलत नाही. तर आसामच्या चरातली, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवरची, ती बोली बोलणारं कुणी पुण्यामुंबईत, सोलापुरात, बांधकामावर, सिक्युरिटीत, कॉलेजात, कुठंही ओळखीचं असेल तर कृपा करून कळवा. कविता मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी शंभर प्रश्न विचारीन त्यांची उत्तरं द्यायची. कागदपत्रं काही मागणार नाही. मानधन देता येणार नाही, जेवण आमच्या घरी.